चारशे मीटर पश्चिमेला

सिंगापुरात बुकित तिमाहच्या एखाद्या काँडोत मराठी मंडळी जमली की खिचडीच्या प्लेट्स रिकाम्या व्हायच्या आत कोणीतरी विचारतंच, "तू नक्की काय करतेस गं?" बाकीचे सगळे बँकेत नाहीतर सॉफ्टवेअरमध्ये, त्यांना कोणी विचारत नाही. पूर्वी मी नीट समजावून सांगायचे. मग कंटाळले आणि "भूसुरुंग काढते" असं सांगून मोकळी व्हायला लागले. "सिंगापुरात?" असं म्हणून लोक हसतात आणि विषय शाळेच्या ॲडमिशनवर जातो. मला तेच हवं असतं.

खरं तर जिवंत सुरुंग मी कधी पाहिलेलाही नाही. आमच्या ऑफिसातल्या काचेच्या कपाटात एक आहे, आतून पोकळ केलेला, बुटपॉलिशच्या डबीपेक्षा थोडा मोठा. मी नकाशे करते. तोआ पायोहच्या एका जुन्या इमारतीत आमची लहानशी संस्था आहे. इथून दोन तासांच्या विमानप्रवासावर एक देश आहे. तिथलं युद्ध संपलं तेव्हा मी शाळेत होते, पण शेतात पुरलेलं अजून संपलेलं नाही. ते काढायला तीन देशांची भागीदारी आहे. उत्तरेकडचा एक थंड देश पैसा आणि यंत्रं देतो, सुरुंग असलेल्या देशाचं मोजणी खातं लष्कराची जुनी टिपणं देतं, आणि आम्ही टिपणांवरून नकाशा करतो: इथं शोधा, इथं गरज नाही. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात माझी सही असते. त्या सहीवर विसंबून तिकडं दहा बायका गुडघ्यांवर बसतात आणि वीतभर वीतभर माती तपासत पुढं सरकतात.

त्यांची जी प्रमुख आहे तिच्याशी मी आठवड्यातून दोनदा तरी फोनवर बोलायचे. वयानं ती माझ्याहून मोठी, पण त्यांच्याकडे कामाच्या माणसाला मानानं थोरली बहीण म्हणतात, म्हणून ती मला ताई म्हणायची. तिचं इंग्रजी मोजकं आणि सरळ. मीटिंगमध्ये आम्ही जे तीन स्लाइड्स लावून सांगायचो ते ती एका वाक्यात सांगायची. एकदा ती म्हणाली होती, "ताई, तू लाल रंग दिलास की आम्ही हळू चालतो. रंग नाही दिलास की आम्ही भात खातो." मला ते फार आवडलं होतं. मी नवऱ्यालाही सांगितलं होतं.

आता माझ्या एका नकाशात चूक कशी झाली ते सांगायला हवं, आणि ते सांगताना मला नेहमी राग येतो. इंग्रजांच्या काळात आपल्याकडे मध्य भारतात एका टेकडीवरचा एक बिंदू पक्का करून मोजणी सुरू झाली, ती मोजत मोजत पार त्या देशापर्यंत गेली. त्यामुळे तिथले जुने लष्करी नकाशे आपल्या त्या भारतीय बिंदूवर बेतलेले आहेत. आजचे फोन आणि उपग्रह वेगळ्या पायावर चालतात. जुना आकडा तसाच्या तसा नव्या नकाशावर टाकला तर जागा चारशेहून जास्त मीटर सरकते. म्हणून आलेलं प्रत्येक टिपण आधी बदलून घ्यायचं, म्हणजे जागा पश्चिमेला सरकवायची, ही आमची पहिली पायरी. हे मी झोपेतही करू शकले असते. तिथंच तर घोळ झाला.

त्या वर्षी तिकडच्या मोजणी खात्यात एक नवा अधिकारी आला होता, अदबशीर. परदेशी भागीदारांना कशाला त्रास द्यायचा म्हणून त्यानं आकडे स्वतःच आधी बदलून पाठवले. तसं त्यानं समासात त्याच्या भाषेत लिहिलंही होतं. आमच्याकडे त्या लिपीतलं भाषांतर करून यायला तीन-चार दिवस लागायचे. थंड देशाचे लोक तारखांच्या बाबतीत फार काटेकोर. मी समासातलं ते वाक्य पाहिलं आणि काहीतरी शिष्टाचाराचं असेल असं समजून सोडून दिलं. पत्राच्या शेवटी मोजणी खात्याचे लोक नेहमीच चार ओळी शुभेच्छांच्या लिहितात. मग मी सवयीनं आकडे पुन्हा बदलले. जागा दोनदा पश्चिमेला सरकली. त्यानं विनयानं केलं आणि मी सवयीनं केलं, आणि दोघांपैकी कोणीही फोन उचलून विचारलं नाही.

सहा आठवडे त्या दहाजणींनी भलत्याच शेतात काम केलं. रोज फोनवर प्रमुख सांगायची, आज खिळे मिळाले, आज टिनच्या डब्याचं झाकण. मी म्हणायचे, छान. सहा आठवडे काहीच मिळत नाही याची शंका मला यायला हवी होती. आली नाही. उलट मी अहवालात लिहिलं की धोका अपेक्षेपेक्षा कमी आढळला.

शनिवारी जमीन गावाच्या ताब्यात द्यायचा समारंभ ठरला होता. गुरुवारी सकाळी मी त्या समारंभासाठी मोठा नकाशा करत होते, मांडवात लावायला, म्हणून नेहमीपेक्षा बारकाईनं बघत होते. लष्कराच्या हातानं काढलेल्या जुन्या आकृतीत सुरुंगांचा पट्टा एका कालव्याच्या वळणाला चिकटून होता. कालव्याच्या काठानं येणाऱ्यांना अडवायला पुरलेले ते, दुसरीकडं असायचं कारणच नव्हतं. माझ्या नकाशावरचा पट्टा मात्र उघड्या भातशेतात पडला होता. कालव्याचं वळण कुठं आहे म्हणून मी बोट सरकवत पूर्वेला गेले. वळण सापडलं. त्याच्या कुशीत आंब्याची चार-पाच झाडं होती आणि झाडांखाली मीच काढलेलं तंबूचं चिन्ह.

कामाच्या जागेपासून लांब, सावलीत, विश्रांतीचा तंबू ठोकायचा हा नियम आहे. सहा आठवडे त्या तिथं जेवल्या होत्या, आडव्या झाल्या होत्या, चपला काढून बसल्या होत्या. समारंभाचा मांडवही तिथंच पडणार होता, कारण गावातल्या म्हाताऱ्यांना सावली हवी.

घड्याळात सव्वादहा झाले होते. तिकडं सव्वानऊ. त्यांची जेवणाची सुट्टी साडेअकराला, म्हणजे आमचे साडेबारा. हे गणित मी त्याच क्षणी केलं, हे मला पक्कं आठवतं.

मी उठले, पाणी प्यायले, परत बसले, फाइल पहिल्यापासून उघडली. आकडे तपासले, दोनदा. तिसऱ्यांदा तपासताना मला समासातलं वाक्य आठवलं. ते कॉपी करून मी भाषांतराच्या ॲपमध्ये टाकलं. ॲपनं मोडकंतोडकं इंग्रजी दिलं, पण अर्थ कळण्यापुरतं पुरेसं होतं: आपल्या सोयीसाठी आकडे बदलून पाठवत आहोत. हे करायला मला दहा सेकंद लागले. सहा आठवड्यांपूर्वीही दहाच लागले असते.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेब इथलेच, भला माणूस, कोणावर आवाज चढवत नाहीत. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढला, पुसला.

"तुझी शंभर टक्के खात्री आहे?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "जवळजवळ."

"मग आधी शंभर टक्के कर. दुसऱ्या कोणाकडून तरी तपासून घे. शनिवारचा समारंभ पुढं ढकलायचं कारण मी शोधतो. बाकीचं सोमवारी तिघांच्या कॉलमध्ये मांडू. परस्पर कुणाला फोन नको. एकानं परस्पर बोललं की दुसऱ्याला वाटतं दोष आपल्यावर ढकलताहेत."

त्यांचं बोलणं चूक नव्हतं. भागीदारीचा तसा लेखी नियमच होता, आणि तो मला पाठ होता. पण मी "जवळजवळ" का म्हणाले? मला पूर्ण खात्री होती. मी तो शब्द वापरला, कारण मला थोडा वेळ हवा होता. तंबूबद्दल तर मी त्यांना धड सांगितलंही नाही. "जवळपास त्यांची काही सोय आहे," एवढंच म्हणाले. केबिनमधून बाहेर आले तेव्हा मला हायसं वाटलं होतं, आणि त्या हायसं वाटण्याची मला आजही शिसारी येते.

दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्यायचं तर आमच्याकडे तसं काम येणारी एकच मुलगी, आणि ती त्या दिवशी सुट्टीवर. मी तिला मेल टाकली. मग ऑफिसातून खाली उतरले. माझ्या पायाला भिंगरीच असते, त्यामुळे मी उठून गेले तर कोणी वर बघत नाही. खाण्याच्या स्टॉल्सच्या हॉकर सेंटरमध्ये जाऊन कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेतली, न पिता टेबलावर ठेवली, उठले. टाउन सेंटरला एक चक्कर मारली. चपलांच्या दुकानासमोर उभी राहिले, एका काकांनी "घे, घे, सेल आहे" म्हणून हातात एक जोड दिला तो घेऊन पुढं निघाले, त्यांनी हाक मारून परत घेतला. ऊन रणरणत होतं. एका ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत बाकावर बसले आणि नवऱ्याला फोन लावला.

त्या वर्षी नवऱ्याची नोकरी गेलेली होती. घर माझ्या एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे कामाच्या परवान्यावर, उभं होतं. तो आणि मुलगी दोघंही माझ्या पासला जोडलेले. माझी नोकरी गेली असती तर बिशानचा फ्लॅट, तिची शाळा, सगळं आवरून महिन्याभरात पुण्याचं विमान. आम्ही दोघं हे एकमेकांशी बोलत नसू, पण रोज सकाळी उठल्यावर ते आमच्या आधी उठून बसलेलं असायचं.

"अरे, माझ्याकडून मोठी चूक झालीये," मी म्हटलं आणि सांगितलं. तंबूचंही सांगितलं.

त्यानं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सहा आठवडे काही झालं नाही ना?"

"नाही."

"मग दोन-चार तासांनी काय होणार आहे? तू आधी लेखी घाल सगळं. मेलवर. फोनवर काही कबूल करू नकोस गं, उद्या तेच तुझ्यावर उलटेल. ऐक माझं."

तो वाईट माणूस नाही. रस्त्यावर पडलेल्या पक्ष्यासाठीही ग्रॅबची टॅक्सी थांबवणारा माणूस आहे. तो घाबरला होता, आणि मी त्याला फोन केला तोच मुळी त्यानं असं काहीतरी म्हणावं म्हणून. हे मला फोन ठेवतानाच कळलं.

मी परत वर आले. बारा वाजून दहा मिनिटं. मेल लिहायला घेतली. "आदरणीय भागीदार" लिहिलं, खोडलं. "प्राथमिक पडताळणीत असे निदर्शनास येते की" लिहिलं. वाक्य कर्मणी प्रयोगात फिरवत बसले, म्हणजे चूक कोणी केली ते दिसायला नको. साडेबारा झाले. मला घड्याळाकडं बघायचं नव्हतं, म्हणून मी ते कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातलं घड्याळ लपवायचं कसं ते सेटिंगमध्ये जाऊन शोधलं आणि खरोखरच लपवलं. मग फोनवर वेळ बघितली. बारा बत्तीस. आता त्या हात धूत असतील. बारा चाळीस. आता डबे उघडले असतील. मी खिडकीशी गेले, परत आले, पुन्हा गेले. माझ्यासमोरच्या माणसानं विचारलं, "आर यू ओके?" मी म्हटलं, "येस, येस." बारा पन्नास. त्यांच्यात एक बाई आहे, तिला जेवल्यावर पाच मिनिटं पाय पसरून झोपायची सवय, बाकीच्या तिची फार थट्टा करतात, हे प्रमुखानंच मला सांगितलं होतं. मला ती बाई दिसायला लागली. तिचा चेहरा मी कधी पाहिलेला नाही, तरी दिसायला लागली.

एक वाजून दहा मिनिटांनी मी फोन उचलून जिन्यात गेले आणि प्रमुखाला लावला. धैर्यबिर्य काही नव्हतं. मला सहन होईना, एवढंच.

तिनं फोन उचलला तो तोंडात घास असतानाच. मागं बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता.

मी म्हटलं, "तुम्ही तंबूत आहात?"

"हो ताई. जेवतोय. ये."

"माझं ऐक. माझा नकाशा चुकलाय. पट्टा त्या शेतात नाही. पट्टा कालव्याच्या वळणाला आहे. तुम्ही बसलाय तिथं."

मग तिनं एकच शब्द मोठ्यानं उच्चारला, त्यांच्या भाषेतला, आणि हसणं कापल्यासारखं बंद झालं. मग ती हळू, सपाट आवाजात सूचना देत राहिली. मला भाषा कळत नव्हती, पण मला तो नियम माहीत होता: जागच्या जागी थांबायचं, सामान उचलायचं नाही, ज्या पावलांनी आत आलो त्याच पावलांवर पाय ठेवत एकामागून एक बाहेर. फोन तिनं खिशात टाकला असावा. कपड्यांची खसफस ऐकू येत होती, कोणीतरी रडल्यासारखा श्वास घेत होतं, आणि ती एकेकीला नावानं हाक मारत होती. मी जिन्याच्या पायरीवर बसले होते आणि नावं मोजत होते. आठ झाली. मग बराच वेळ काही नाही. नववं नाव तिनं तीनदा घेतलं, तिसऱ्यांदा जवळजवळ ओरडून. मग दहावं.

बऱ्याच वेळानं तिनं फोन कानाला लावला.

"सगळ्या रस्त्यावर आहेत," ती म्हणाली.

मी रडत होते. सॉरी म्हणत होते, पुन्हा पुन्हा, इंग्रजीत, मराठीत.

"ताई, थांब," ती म्हणाली. "तुला कधी कळलं?"

मी म्हटलं, "आत्ता. आत्ताच."

"ठीक," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

नंतरचं सगळं लवकर झालं. साहेब माझ्यावर चिडले नाहीत. फोन केलास ते बरं केलंस, असंच म्हणाले. समारंभ रद्द झाला. सोमवारच्या कॉलमध्ये तिन्ही बाजूंचे लोक इतके समजूतदारपणे वागले की मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटत होतं. अहवालात लिहिलं गेलं की तिन्ही भागीदारांमधील समन्वयाच्या प्रक्रियेत त्रुटी राहिली. दोष तिघांत वाटला गेला आणि कोणाच्याच वाट्याला काही आलं नाही. माझा पास राहिला, मुलीची शाळा राहिली. माझी झोप तेवढी गेली. घरी मी बसल्या जागी पाय हलवत राहायचे आणि मुलगी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून तो थांबवायची.

मी नकाशा नव्यानं केला. प्रत्येक समासातला प्रत्येक शब्द एका माणसाकडून भाषांतर करून घेतला. त्या अदबशीर अधिकाऱ्याशी रोज फोनवर बोलले, अगदी त्याला नकोसं होईपर्यंत. काम पुन्हा सुरू झालं ते मात्र मला वेगळ्या माणसाकडून कळलं, कारण प्रमुखानं त्या दिवसानंतर मला फोन केला नव्हता. पहिला सुरुंग तंबूच्या खुंटीपासून हातभर अंतरावर मिळाला, हेही मी अहवालातच वाचलं. कालव्याच्या गाळाखाली तो खोल गेला होता. बायका वजनानं हलक्या होत्या. तो फुटला नाही याला बाकी कारण काही नाही.

महिन्याभरानं एका सकाळी तिचा फोन आला. माझी मेट्रो ब्रॅडेल स्टेशनवर थांबली होती, दार उघडलं होतं, मी न उतरायच्या स्टेशनवर उतरले.

ती नेहमीसारखी मुद्द्याचंच बोलली. निम्मा पट्टा झाला, पाऊस आला तर लांबेल. मग म्हणाली, "ताई, एक सांगायचं होतं. नवा नकाशा आला त्या दिवशी माझ्या बायका आत जायला तयार नव्हत्या. कुणी केलाय म्हणून विचारलं. मी म्हटलं, तिनंच, त्याच ताईनं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मग त्यांनी एकच विचारलं. चूक तिनं स्वतः सांगितली की पकडली गेली? मी म्हटलं, स्वतः सांगितली. ज्या क्षणी कळलं त्याच क्षणी फोन केला तिनं, आम्ही जेवत होतो, घासही गिळू दिला नाही." ती हसली. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच मी तिचं हसणं ऐकत होते. "मग त्यांनी स्फोटापासून वाचवणारे एप्रन बांधले आणि गेल्या आत."

प्लॅटफॉर्मवर पुढची गाडी येऊन थांबली. दारं उघडली, मिटली. ती माझ्या उत्तराची वाट बघत होती.

मी म्हटलं, "थँक यू."